सभास्थानाबाहेरची मुले

नेवाशाला प्रवरेच्या काठी एक दगडी खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, गीतेवरील आपली टीका सांगितली, असे परंपरा मानते. आपल्या तालुक्याला या खांबाचा अभिमान आहे आणि तो असावा. मात्र त्या खांबाला टेकलेला तो तरुण संन्याशाचा पुत्र म्हणून समाजाने वाळीत टाकलेला होता, शुद्धिपत्रासाठी भावंडांसह पैठणचे उंबरे झिजवून आला होता, एवढे आपण सोयीने विसरतो. बहिष्कृतांचे उत्सव शतकांनंतर थाटात होतात. ती मुले हयात असताना त्यांना घरात जागा देण्याची वेळ आली, की आपली जीभ अडखळते.

हे स्मरण आज करण्याचे कारण असे. महाविद्यालयांतील समलिंगी आणि पारलिंगी विद्यार्थ्यांचे गट एकमेकांशी जोडले जात आहेत, हे कानी आल्यापासून आपल्या धर्मग्रामांतील काही पालक धास्तावले आहेत. नेवासा फाट्यावरून नगर, पुणे, संभाजीनगरच्या एस.टी.त बसवून दिलेले आपले मूल अशा 'टोळी'च्या हाती लागेल, अशी त्यांना भीती वाटते. या गटांवर बंदी हवी, असेही काही जण म्हणतात. आम्हांस हे मुळीच मान्य नाही.

प्रथम या 'टोळी'ने केले काय, ते पाहू. मुंबईच्या आयआयटीत २०११ मध्ये 'साथी' नावाचा गट सुरू झाला. पुढे निरनिराळ्या आयआयटींतील आजी-माजी विद्यार्थी 'प्रवृत्ती' या नावाने एकत्र आले आणि २०१८ मध्ये त्यांच्यापैकी वीस जणांनी दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. तोंड न लपवता, स्वतःच्या नावानिशी केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे खाजगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निर्णय दिला. न्यायालयाच्या पायरीवर जाऊन शांतपणे न्याय मागणाऱ्या तरुणांना टोळी म्हणायचे असेल, तर नागरिक कोणाला म्हणावे?

आक्षेप घेणारे म्हणतात, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. पाश्चात्त्य होता तो कायदा! १८६० साली इंग्रज सरकारने दंडविधान केले आणि त्यात हे कलम घातले. येथे नेवाशात तर आपले हिंदू शेजारी पिढ्यान्‌पिढ्या ज्या मोहिनीराजाला भजतात, ते विष्णूचे स्त्रीरूप मानले जाते. स्त्री-पुरुषपणाच्या सीमारेषेचा विचार या मातीला परका होता, असे निदान नेवासकरांनी तरी म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे ख्रिस्तसभेच्या शिकवणीविरुद्ध आहे, असे सांगितले जाते. विवाह स्त्री आणि पुरुष यांचाच, समलिंगी संबंधांस मान्यता नाही, ही शिकवण आम्हांस ठाऊक आहे. तिच्याशी वाद घालण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. पण तीच शिकवण पुढेही वाचावी. कॅथलिक धर्मशिक्षेच्या २३५८ व्या परिच्छेदात या व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईचे तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, ख्रिस्तसभा या व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे जाहीरपणे सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तेच सांगितले. अर्धा परिच्छेद पाठ करायचा आणि उरलेला झाकून ठेवायचा, ही श्रद्धा नव्हे; ही सोय आहे.

'लग्न लावून दिले की सारे ठीक होईल' हा तर आपल्याकडचा ठेवणीतला उपाय. जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी दिलेली संमती ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११०३ वे कलम संमती मानत नाही. आणि ज्या परक्या मुलीला काहीही न सांगता त्या वेदीपुढे उभे करतो, तिचा अपराध कोणता?

तिसरा प्रश्न विचारला जातो : शिकायला गेलेल्यांना गट हवेत कशाला? वाचकहो, 'ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन' १९२४ पासून काय करीत आली? हजारोंच्या महाविद्यालयात आपली चार मुले एकटी पडत, म्हणून या महाविद्यालयातल्यांनी त्या महाविद्यालयातल्यांचा हात धरला. तेव्हा आपण कौतुक केले. नगर जिल्ह्यातील आपल्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. एकट्याचा आवाज कोणी ऐकत नाही, हे आपण जाणतो. मग तेच सत्य दुसऱ्याने सांगताच कानांवर हात का ठेवावेत?

२०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून, लैंगिक कल किंवा पारलिंगी असणे यावरून होणारा छळही रॅगिंगच ठरवला. पण नियम कागदावर राहतो. वसतिगृहाच्या खोलीत रात्री दार लावून रडणाऱ्या मुलाला तो नियम वाचून दाखवणारा, त्याच्याबरोबर तक्रार घेऊन प्राचार्यांकडे जाणारा कोणीतरी लागतो. घरी सांगण्याची सोय नाही, धर्मगुरूंपाशी बोलण्याचे धैर्य नाही. अशा वेळी सोबत येतो तो हा गट. आपण रिकामी ठेवलेली जागा त्याने भरली आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाची हकिकत आपण ऐकत आलो आहोत. हे कोणाचे पाप, या शिष्यांच्या प्रश्नालाच प्रभूने बाजूला सारले. आम्हांस मात्र त्या हकिकतीतले आईबाप अधिक बोचतात. मुलगा आपलाच, एवढे ते कबूल करतात. पुढचे त्यालाच विचारा म्हणतात, कारण सभास्थानातून आपल्याला काढतील ही त्यांना भीती होती. शेवटी मुलाला बाहेर घालवले गेले आणि त्याला शोधत येशू गेला.

आपले मूल सुट्टीत घरी येईल, जेवण झाल्यावर काही सांगू पाहील. तेव्हा आपण त्या आईबापांसारखे तोंड फिरवणार, की प्रभूसारखे त्याला शोधत जाणार? गटांवर बंदी मागण्यापूर्वी प्रत्येक घराने याचे उत्तर द्यावे.