वाढत्या अंगाचे नको, मापाचे हवे

आमच्या वस्तीतली एक मुलगी, वय वर्षे अकरा, शाळेच्या मैदानावर हॉकी खेळते. गेल्या महिन्यात चेंडू तिच्या नडगीवर बसला आणि ती आठ दिवस लंगडत होती. खेळ म्हटला की लागायचेच, असे तिची आजीसुद्धा म्हणाली. पण आम्ही तिचा पाय पाहिला आणि तिचे शिनगार्डही पाहिले. हो, शिनगार्ड तिच्या पायात होते. ते थोरल्या भावाचे होते, फुटबॉलचे होते आणि तिच्या बारीक पोटरीला सैल होते. पळता पळता ते फिरून मागे गेले. पोटरी झाकली गेली आणि नडगी उघडी राहिली.

तिच्या बापाने सांगितले, "वाढत्या अंगाची पोर आहे. थोडे मोठेच असलेले बरे, दोन वर्षे जाईल."

हे वाक्य आमच्यापैकी कोणी ऐकलेले नाही? शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, चप्पल वाढत्या पायाची, स्वेटर तर थेट मामाच्या मुलाचा. यात आईबापांचा दोष काढायला आम्ही बसलेलो नाही. हातात येणारा पैसा मोजका असला की माणूस वस्तूचे माप बघत नाही, ती किती दिवस जाईल ते बघतो. फ्रॉक मोठा असला तर बाह्या दुमडता येतात. शिनगार्ड दुमडता येत नाही. सैल शिनगार्ड न घातल्यासारखेच, उलट जास्त वाईट, कारण आपल्याला संरक्षण आहे असे समजून मूल बिनधास्त पुढे घुसते.

मग आम्ही त्या मुलीसाठी मापाचे शिनगार्ड शोधायला निघालो. खोपोलीत विचारले, कर्जतच्या बाजारात विचारले. क्रिकेटची बॅट होती, कॅरम होता, बॅडमिंटनची रॅकेट होती. "हॉकीचे पॅड" म्हटल्यावर एका दुकानदाराने फुटबॉलचे दाखवले. दोनच मापे, लहान आणि मोठे, आणि पाकीट फोडून घालून बघायचे नाही. ऑनलाइन बघितले तर माप मुलाच्या उंचीवरून दिलेले, तेही प्रत्येक कंपनीचे वेगळे. शेवटी आम्हाला सांगण्यात आले की धोबीतलावला जा. म्हणजे कर्जतहून लोकलने सुमारे शंभर किलोमीटर, जायला दोन तास, यायला दोन तास, आणि मुलीला सोबत न्यायचे तर तिची शाळा आणि बापाचा रोज, दोन्ही बुडवून. पोरगी वाढेल तशी ही वारी पुन्हा करायची.

इथे थोडे थांबून मापाबद्दल बोलू, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हे कोणी सांगितलेलेच नाही.

हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढाच जड आणि तितकाच टणक. फुटबॉलचे शिनगार्ड समोरच्याची लाथ अडवण्यासाठी असते. हॉकीचे शिनगार्ड चेंडू आणि काठी या दोन्हींसाठी असते, म्हणून त्याचे कवच जास्त कडक आणि रुंद असते, आणि खाली घोट्याची बाजूही झाकलेली असते. नडगीचे हाड कातडीच्या लगेच खाली असते, मध्ये मांसाची गादी नाही. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी, म्हणजे घोट्याजवळ आणि गुडघ्याजवळ, हाड लांबवणारा कोवळा भाग असतो. तिथली गंभीर दुखापत हाडाच्या वाढीत बिघाड करू शकते. त्यात आपली मुले खेळतात ती मुरमाच्या मैदानावर. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. तिथे चेंडू सपाट धावतो. आपल्याकडे तो खड्याला लागून उसळतो. म्हणजे ज्याच्याकडे मैदान खराब, त्यालाच शिनगार्डाची गरज जास्त, आणि ते मिळत नाही तेही त्यालाच.

माप घेणे अवघड नाही. मुलाला खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. शिंप्याच्या टेपने पायाचा घोट्यासमोरचा बाक ते गुडघ्याच्या वाटीखाली साधारण पाच सेंटिमीटर, एवढे अंतर मोजा. शिनगार्डाचे कवच तेवढ्या लांबीचे हवे. मग मोजा आणि बूट घालून पळवून बघा आणि उकिडवे बसवून बघा. बसताना वरची कड गुडघ्याला टोचली तर ते मोठे. बूट आणि शिनगार्ड यांच्यात नडगी दिसली तर ते लहान. हाताने फिरवल्यावर फिरले तर ते रुंद. आमच्या मुलीचे माप भरले चोवीस सेंटिमीटर. भावाचे शिनगार्ड होते अठ्ठावीसचे.

दहा ते पंधरा या वयात मुले झपाट्याने वाढतात. भर वाढीच्या वर्षात उंची आठ-नऊ सेंटिमीटरने सहज वाढते. म्हणजे या पाच वर्षांत किमान दोन, बहुधा तीन मापे बदलतील. कमावत्या घराला हा किरकोळ खर्च वाटेल. वीटभट्टीवर, कंपनीच्या गेटवर किंवा धुण्याभांड्यावर चालणाऱ्या घराला तो दर वेळी मागे ढकलावासा वाटतो. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की हा प्रश्न एका बापाच्या खिशावर सोडून सुटणार नाही.

आता काही मित्र म्हणतील, अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत आणि तुम्ही शिनगार्ड घेऊन बसलात? आमचा त्यांना उलट प्रश्न आहे. खालापूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून कोण उभा असतो? आपलाच भाऊ. त्याला मिळालेला सेफ्टी बूट त्याच्या पायाचा असतो का? पाय सहाचा आणि बूट आठचा, हे चित्र आपण गेटवर रोज पाहतो. साहित्य दिले अशी नोंद होते, संरक्षण झालेले नसते. मुलीच्या पायातले सैल शिनगार्ड आणि बापाच्या पायातला सैल बूट यांच्यामागे एकच विचार आहे: यांना काहीतरी दिले म्हणजे झाले, मापाचे कशाला? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यांनी कोळशाच्या खाणीत उतरून कामगार कसा काम करतो ते पाहिले. कष्टकऱ्याच्या शरीराची किंमत त्यांनी कधी किरकोळ मानली नाही.

आणि आपल्या जिल्ह्याचाच दाखला घ्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तेव्हा त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने यांचाही विषय काढला. जी वेशभूषा अस्पृश्यतेची खूण बनली आहे ती टाका, असे त्यांनी सांगितले आणि बायकांनी ते मनावर घेतले. पाण्याच्या हक्काच्या एवढ्या मोठ्या लढ्यात लुगड्याची गोष्ट किरकोळ होती का? अंगावर काय आहे आणि ते कोणाच्या मर्जीने आहे, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे हे महाडने शिकवले.

दुसरी एक सवय आपल्याला मोडली पाहिजे. उपाशीपोटी, अनवाणी, तुटक्या साहित्याने खेळून मोठा झालेला खेळाडू आपल्याला फार आवडतो. धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीत तुटलेल्या काठ्या दोऱ्याने बांधून खेळले आणि चार ऑलिंपिकमध्ये पोचले. त्यांच्या जिद्दीला सलामच. पण तुटक्या काठीमुळे धनराज घडले असे म्हणणे हा व्यवस्थेचा बचाव झाला. तुटक्या काठीने किती जण वाटेतच थांबले, त्यांच्यावर लेख येत नाहीत.

हॉकी आपला खेळ नाही असे कोणी म्हणत असेल तर त्यालाही उत्तर आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार होता जयपाल सिंह मुंडा, एक आदिवासी. हाच माणूस पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडायला उभा राहिला. वंदना कटारियाने ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी उपांत्य सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाली. देशासाठी खेळणाऱ्या मुलीलाही जात सोडत नाही. आणि खेळाचे साहित्य बनते कुठे? जालंधरला आणि मेरठला. तिथे शिवणाऱ्या, चिकटवणाऱ्या, कापणाऱ्या हातांत दलितांचे हात मोठ्या संख्येने आहेत. वस्तू आपल्या हातांनी बनते आणि आपल्या पोरांच्या पायापर्यंत येत नाही.

फुटबॉलच्या नियमात शिनगार्ड सक्तीचे आहे. हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमात मैदानी खेळाडूंसाठी नडगी, घोटा आणि तोंडाच्या संरक्षणाची फक्त शिफारस आहे. शिफारस म्हणजे काय, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ऐपत असेल तो पाळतो, नसेल तो नशिबावर सोडतो. म्हणून आम्ही म्हणतो, निदान शाळेच्या मैदानावर तरी शिनगार्ड सक्तीचे करा आणि ते शाळेने द्यावे.

पैसा कुठून येणार? समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून सरकारी शाळांसाठी वार्षिक क्रीडा अनुदानाची तरतूद आहे: प्राथमिकला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत. ही रक्कम मोठी नाही, पण ती कशावर खर्च होते हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा असते. अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे या समितीचे कामच आहे. आपले पालक या समितीवर असतात, पण कित्येक ठिकाणी ते फक्त सहीपुरते असतात. येत्या बैठकीत एकच मागणी करा: साहित्य घेण्याआधी मुलांची मापे घ्या. सरसकट एका मापाची पेटी आली तर ती शाळेच्या कपाटात पडून राहील आणि पोरे उघड्या नडगीने खेळतील. उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहेच.

पण सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. आमचा प्रस्ताव असा आहे की प्रत्येक विहारात खेळसाहित्याची एक पेढी सुरू करावी. एक पत्र्याची पेटी, एक वही, एक टेप. वहीत मुलाचे नाव, माप आणि तारीख एवढेच लिहायचे. दर तीन महिन्यांनी माप घ्यायचे. पायाला लहान झाले की परत करायचे आणि पुढचे माप न्यायचे. परत आलेले शिनगार्ड धुऊन, सावलीत वाळवून ठेवायचे, कारण आपल्याकडच्या पावसात ओला फोम लगेच कुजतो. कवचाला चीर गेली असेल तर ते फेकायचे, गरिबाला चालेल म्हणून ठेवायचे नाही. एका मुलाला पाच वर्षांत तीन जोड लागतात. पेढी असेल तर तेच तीन जोड फिरत राहतील आणि कितीतरी मुलांच्या पायांना पुरतील.

या पेढीच्या दारात जात विचारायची नाही. कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांमधली मुले आधी आठवा. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ते मूल परत येईल तेव्हा त्याचा पाय वाढलेला असेल. त्याचे माप पुन्हा घ्यायचे आणि त्याची जागा संघात राखून ठेवायची. विहाराच्या पेटीतले शिनगार्ड वाडीवरच्या पोराच्या पायात गेले नाही, तर आपली समता भाषणापुरतीच राहिली.

चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीवर किती खर्च होतो याचा हिशेब आपण सगळेच जाणतो. आम्ही जयंती साजरी करू नका असे म्हणत नाही. त्या भिंतीतला एक बॉक्स कमी करा. तेवढ्या भाड्यात पेढीची पहिली पेटी भरेल.

आमच्या मुलीला शेवटी चोवीसचे शिनगार्ड मिळाले. धोबीतलावला ती स्वतः आली, तीन जोड घालून पाहिले आणि दुकानातच उकिडवी बसली. दुकानदार हसला, आम्ही हसलो नाही. तिचे पुढचे माप आम्ही तीन महिन्यांनी घेणार आहोत. तुमच्या वस्तीत पहिले माप कधी घेताय, ते सांगा.

जय भीम!