रुळांकाठचे लोखंड कोणाचे?

संपादक महोदय,


बारामती-इंदापूरच्या तरुणांनी मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या रुळांच्या वाटेने खिळे, बिल्ले शोधावेत, असे एका वाचकाने गेल्या अंकात सुचवले आहे. उत्साह पटला, सल्ला मुळीच पटला नाही.

दौंड-बारामतीची अडीच फुटी गाडी १९१४ साली सुरू झाली. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला, त्यावरून आजही गाड्या धावतात. त्याला बेवारस कसे म्हणायचे? गंजलेला डॉगस्पाइक, म्हणजे रूळ पक्का करणारा खिळासुद्धा रेल्वेचाच. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यानुसार, तो आपल्याकडे रीतसर आला, हे बाळगणाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. शिक्षा ५ वर्षांपर्यंत. शिवाय जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. (आज १० रुपयांत चहा येतो, कायदा मात्र तोच!)

आणि समजा, कायदा आड आला नाही. जागेवरून उपटलेला खिळा काय सांगणार? तो कुठे, कोणत्या वळणावर होता, ही नोंद गेली की उरते भंगार.

वालचंदनगरच्या साखर कारखान्याची उसाची छोटी रेल्वे तर खासगी होती. तिथे मालकांची लेखी परवानगी हवीच. त्या गाड्या पाहिलेली माणसे अजून इंदापूर तालुक्यात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रती काढा. हे काम खणण्याआधीचे आहे आणि घाईचेही.

आपला,
एक वाचक, इंदापूर