बुजलेली भेग

मी बँकेत लागलो तेव्हा आमचे हेडकॅशियर संशयास्पद नाणे काउंटरवर वाजवून पाहत. कान देईल तो निकाल. विमानाचे कार्बन तंतूंचे भागही असेच नाण्याने टकटक करून तपासण्याची एक पद्धत आहे. आवाज बद्द आला, तर आत थर सुटले असावेत असे समजायचे.

२०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे. कार्बन तंतूंचे थर राळेत बसवून, उष्णता आणि दाब देऊन ते घडवतात. वजनाच्या मानाने पोलादाहून बळकट. पण एक खोड आहे. एखादा पाना हातून निसटून आपटला, तर वर धड ओरखडाही दिसत नाही, आणि आत थर मात्र उकललेले असू शकतात.

२००१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती दाखवली. राळेतच द्रवाच्या सूक्ष्म कुप्या पेरायच्या. भेग तिथवर पोचली की कुपी फुटते, द्रव भेगेत पसरतो आणि राळेतल्या उत्प्रेरकाशी गाठ पडून घट्ट होतो. जखमेवर खपली धरावी तसे.

पण जखम भरते किती? ते पाहण्यासाठी मुद्दाम मोडावे लागते. पट्टीचे थर पुस्तक उघडावे तसे ओढून उकलतात, लागलेला जोर मोजतात, पट्टी मिटवून भरू देतात आणि पुन्हा ओढतात. कार्बनच्या पट्ट्यांवर २००३ साली आलेले उत्तर असे: खोलीच्या तापमानाला फार तर ४५ टक्के चिवटपणा परत आला, ८० अंश सेल्सिअसला ८० टक्क्यांहून अधिक. शिवाय फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. त्याच जागी दुसरा घाव बसला, तर शिल्लक काही नसते.

हे वाचताना मला आमच्या शाखेतला एक कॅशियर आठवला. एकदा तूट आली, ती त्याने गुपचूप खिशातून भरली. संध्याकाळी हिशेब जुळला, म्हणून कारण कुणी शोधले नाही. महिन्याभरात त्याच काउंटरवर दुप्पट तूट आली, तेव्हा त्याचा खिसा रिकामा होता. मग सगळे बाहेर आले.

आपोआप सांधणारा पदार्थ मोलाचाच. पण सांधलेली भेग नोंदीतूनही पुसली गेली, तर ती पहिल्याहून घातक. असा पदार्थ विमानाच्या पंखात बसेल त्या दिवशी नातवंडांना त्यात बसवताना मला एवढीच खात्री हवी आहे, की भरून आलेल्या जागीही कुणीतरी नाणे वाजवून पाहिले आहे.