नावात मजा, पिक्चरमध्ये सजा

‘द हाउस ऑफ मर्थ’. म्हणजे मौजमजेचं घर! नावावरून वाटतं, मस्त वीकएण्ड पिक्चर असणार. मोठाल्या हॅट्स, घोडागाड्या, टोमणे मारता मारता प्रेमात पडणारे हिरो-हिरॉइन आणि शेवटी लग्न. त्यात ‘एक्स फाइल्स’मधली आपली स्कली, गिलियन अँडरसन. आणखी काय पाहिजे?

तर, हॅट्स आहेत. बाकी काही नाही.

टेरेन्स डेव्हिसचा हा २००० सालचा सिनेमा एडिथ व्हार्टनच्या १९०५ च्या कादंबरीवर आहे. न्यूयॉर्कची श्रीमंत सोसायटी (शूटिंग ग्लासगोमध्ये, पण कळतही नाही). लिली बार्ट सुंदर, हुशार, आणि खिशात कडकी. बड्या घरांत पाहुणी म्हणून राहायचं तर ब्रिज खेळावंच लागतं, आणि ती पैसे हरते. परवडत नसलेल्या हॉटेलात ऑफिसच्या ग्रुपबरोबर बिल वाटून घेतलंय कधी? तेच.

मग मैत्रिणीचा नवरा म्हणतो, तुझे पैसे मी शेअर बाजारात लावतो. पैसे येत राहतात, हिला वाटतं नफा. प्रत्यक्षात ते त्याच्याच खिशातले असतात आणि बदल्यात काय हवंय, ते तो एका रात्री स्पष्टच दाखवतो. हा कोण, तर ‘घोस्टबस्टर्स’वाला डॅन अॅक्रॉइड! त्याला बघून अंगावर काटा येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

इथून पुढे मी वाट बघत होते, आता कुणीतरी हिच्या मदतीला येईल. कुणी येत नाही. हॅट्सच्या दुकानातली नोकरीही टिकत नाही. तिला बदनाम करणाऱ्या बाईची प्रेमपत्रं हिच्याकडे असतात, ती वापरली तर सगळं परत मिळेल. ती पत्रं जाळते. आत्याने ठेवलेले दहा हजार डॉलर अखेर हातात पडतात, ते जवळजवळ सगळे कर्जात जातात, आणि मग झोपेच्या औषधाचा तो डोस. (शेवट फोडला म्हणून ओरडू नका, पुस्तक शंभरी ओलांडून गेलंय.)

‘पैसेवाल्याशी लग्न करायचं ना, सिंपल!’ असं म्हणणारी एक मैत्रीण प्रत्येकीला असते. पण लिली तयार होते तेव्हा तिचा भाव उतरलेला असतो. तोच माणूस आता अटी घालतो.

आणि सेल्डन. बोलायला गोड, निर्णयाला नेहमी लेट. हा ‘आय लव्ह यू’ म्हणतो, पण ऐकायला ती नसते. मला ट्रेनरपेक्षाही, म्हणजे त्या शेअर बाजारवाल्यापेक्षाही, जास्त राग याचाच आला.