टेड चियांग आणि आम्ही मेंटेनन्सवाले

शनिवारी टेड चियांगची 'द लाइफसायकल ऑफ सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट्स' एका बैठकीत संपवली. २०१० ची दीर्घकथा, २०११ चा ह्युगो पुरस्कार मिळालेली. 'अरायव्हल' हा सिनेमा ज्याच्या कथेवरून निघाला तोच हा लेखक. १९९० पासून लिहितोय आणि कथासंग्रह फक्त दोन! पोटापाण्यासाठी टेक्निकल रायटिंग करायचा, म्हणजे आपल्याच बिरादरीतला.

एरवी विज्ञानकथेत बटण दाबलं की यंत्र शहाणं होऊन बोलायला लागतं. इथे तसं नाही. डिजियंट नावाचे सॉफ्टवेअरमधले जीव पोरांसारखे वाढवावे लागतात, वर्षानुवर्षं. मधेच ते बनवणारी कंपनी बंद पडते. मग ते ज्या आभासी जगात राहतात तेच ओस पडतं, सगळे नव्या प्लॅटफॉर्मवर जातात. या बिचाऱ्यांना तिकडे पोर्ट करायचं तर प्रचंड खर्च, आणि उरलेत मूठभर मालक. त्यातली ॲना, पूर्वी प्राणिसंग्रहालयात काम केलेली, काही त्यांना सोडत नाही.

मी पाच वर्षं एक जुनी सिस्टीम सांभाळतोय. नवीन रिलीजवाल्यांना केक, आम्हाला रात्री दोनचा फोन. आई विचारते, "या वर्षी नवीन काय केलंस रे?" काय सांगू? "जुनं बंद पडू दिलं नाही" यासाठी अप्रेझलच्या फॉर्मात रकानाच नाही!

पात्रं जरा कोरडी आहेत, मान्य. पण पोर्टिंगच्या खर्चावरून घशात आवंढा यावा अशी दुसरी कथा मी तरी वाचलेली नाही.

आमची सिस्टीम पुढच्या महिन्यात बंद होतेय. शुक्रवारीच मेल आला, दोन ओळींचा.