फांदी मागायला लाज कसली?

मे महिन्यात देगलूरला पारा 42 अंशांच्या वर गेला की कुंडीतला गुलाब करपतो, मोगऱ्याची पानं वळतात, तुळससुद्धा मान टाकते. नेमक्या त्याच दिवसांत ज्याला बहर येतो, असं एक फूल आपल्या गल्ल्यांत घरोघर आहे. कुणी त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतं, कुणी 'दहाचं फूल', कुणी 'चिनी गुलाब'. उर्दू बोलणाऱ्या काही घरांत ते 'दोपहरी' असतं. तमिळ आणि मल्याळममध्ये त्याला 'पत्तुमणी', म्हणजे दहा वाजताचं फूल म्हणतात आणि तिकडे व्हिएतनाममध्येही त्याच्या नावाचा अर्थ हाच आहे.

चिनी गुलाब म्हणत असले तरी त्याचा चीनशी संबंध नाही आणि ते गुलाबाच्या कुळातलंही नाही. त्याचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेत: दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना. 1829 साली हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं 'पोर्तुलाका ग्रँडिफ्लोरा' असं बारसं केलं. तिथून ते आपल्या खिडकीपर्यंत पोचलं, इथल्या उन्हात रमलं आणि इथलंच झालं. कुठून आलास, कधी आलास, कागद दाखव, असं त्याला अजून तरी कुणी विचारलेलं नाही.

आज या फुलाबद्दल लिहितोय ते त्याच्या सौंदर्यासाठी नाही. हे झाड आपल्याकडे ज्या रीतीने पसरलं, ती रीत मोडत चालली आहे. ती मोडू नये असं मला वाटतं, म्हणून लिहितोय.

रीत साधी होती. कुणाच्या दारात नवा रंग दिसला की मागायचा. "खाला, एक डाली देव ना." खाला तिथल्या तिथे चार बोटांची फांदी खुडून हातावर ठेवायच्या. "ले जाव. पानी जास्ती नक्को डालो." संपलं. याचे पैसे नसत, उपकार नसत. कधी बदल्यात आपल्याकडचा पिवळा रंग जायचा, कधी वाटीभर सालन. शेजारच्या काकूंकडची गुलाबी फांदी आमच्या गल्लीत आणि आमच्याकडची लाल फांदी त्यांच्या वाड्यात, असं चालायचं. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा एका बाजारात बोलणाऱ्या आपल्या सीमेवरच्या गावात या देवघेवीला कुठल्याच भाषेची अडचण नव्हती. फांदीकडे बोट दाखवलं तरी भागत होतं.

आता काय होतं? रोपांनी भरलेला टेम्पो गल्लीत येतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं, टपोऱ्या दुहेरी फुलांनी लगडलेलं रोप आपण पैसे मोजून घेतो. महिन्याभरात ते सडतं किंवा वाळतं. मग आपण म्हणतो, "आमच्या हाताला झाडच येत नाही." दोष हाताचा नसतो. बऱ्याच रोपवाटिकांतली रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमसारख्या ठिकाणाहून आलेली असतात. नांदेडहून वाहत जाणारी आपली गोदावरीच तिथे पोचते, पण तिथली हवा दमट असते. रोप वाढलेलं असतं हिरव्या जाळीखाली, नारळाच्या भुश्यात, रोजच्या पाण्यावर. त्याला एकदम आपल्या गच्चीवर, काळ्या चिकट मातीत ठेवलं तर ते काय करणार?

आपल्याकडे एक समज आहे की चोरून आणलेलं झाड चांगलं येतं. मला तो पटत नाही. दुसऱ्याच्या दारातली वस्तू न विचारता घेणं आपल्याला जायज नाही, मग ती फांदी का असेना. पण या समजामागचं कारण पाहण्यासारखं आहे. चोरलेली फांदी दोन गल्ल्या पलीकडची असते. तेच ऊन, तेच जड पाणी, तीच माती तिने सोसलेली असते. ती जगते ती या सवयीमुळे, चोरीमुळे नव्हे. विचारून घेतलेली फांदीही तितकीच जगते. शिवाय विचारताना दोन शब्द बोलणं होतं.

लावायची कशी तेही सांगतो. निरोगी, फूल नसलेली चार बोटांची फांदी घ्या. खालच्या दोन बोटांवरची पानं काढा. फांदी सावलीत अर्धा दिवस तशीच पडू द्या, म्हणजे तुटलेली जागा सुकते. आपण इथेच घाई करतो. ओली जखम ओल्या मातीत गेली की सडते. तेलाचा डबा, रंगाची बादली, फुटका माठ, काहीही चालेल, फक्त बुडाला भोकं हवीत. आपली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. अर्धी माती, अर्धी रेती आणि मूठभर कुजलेलं शेणखत पुरे. फांदी खोचा, एकदा पाणी द्या, चार दिवस फिकट सावलीत ठेवा आणि मग सरळ उन्हात. साधारण आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. त्यानंतर माती वरून कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. निदान पाच-सहा तास ऊन हवं. ऊन नसेल तर पानं येतील, फुलं येणार नाहीत. ढगाळ दिवशी कळ्या उघडल्याच नाहीत तर काळजी करू नका, ती त्याची पद्धतच आहे. एक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी दुसरं येतं. शेंडे खुडत राहिलात तर झाड पसरतं आणि खुडलेले शेंडे पुन्हा लावता येतात. डब्याखाली मात्र ताटली ठेवू नका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

बियांपासूनही रोपं येतात. फुलानंतर छोटी बोंडी धरते, तिचं वरचं झाकण डबीसारखं निघतं आणि आत राखाडी चमकदार बारीक बी असतं. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. पण बियांतून आईचाच रंग येईल याची खात्री नसते. फांदीतून मात्र हुबेहूब तेच झाड येतं. म्हणजे एका गल्लीतल्या वीस डब्यांत एकच रंग फुलला असेल, तर बहुधा ती वीस झाडं नाहीतच. वीस घरांत वाटलं गेलेलं ते एकच झाड आहे. घरांवरच्या पाट्या वाचल्या तर नावं निरनिराळी दिसतील.

हे झाड आपल्या उन्हात तगतं कसं, तेही जाणून घेण्यासारखं आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा आत घेतात आणि त्या उघड्या छिद्रांतून त्यांचं पाणी उडून जातं. पोर्तुलाकाच्या कुळात एक वेगळी सोय आहे. पाण्याची टंचाई झाली की ही झाडं दिवसा छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. रमजानात आपलंही वेळापत्रक असंच उलटं होतं: दिवसभर तोंड बंद, रात्री खाणं आणि त्या शिदोरीवर पुढचा दिवस. फरक इतकाच, की या झाडाचा महिना ठरलेला नाही. पाणी संपेल तेव्हा त्याचा रोजा.

ही गोष्ट आपल्या घरातल्या जुन्या बायकांना जिभेने माहीत असते. घोळाची भाजी याच कुळातली. तिला उर्दूत 'खुरफा' किंवा 'कुल्फा' म्हणतात. रात्री साठवलेल्या आम्लामुळे सकाळी खुडलेला घोळ जास्त आंबट लागतो आणि दुपारनंतरचा कमी. चिवळही याच गोतावळ्यातली. युनानी दवाखान्यात 'तुख्मे खुरफा' थंड औषध म्हणून देतात ते या घोळाचंच बी. अरबीत घोळाला एक गमतीचं नाव आहे, 'बक़्लतुल हमक़ा', म्हणजे वेडी भाजी. पाण्याच्या वाटेत आणि माणसांच्या पायाखाली उगवते म्हणून वेडी. 1986 साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या वेड्या भाजीवर टिपण छापून आलं. आपण माशांच्या तेलात शोधतो ती ओमेगा-3 जातीची चरबी हिच्या पानांत चांगल्या प्रमाणात असते, असं त्यात म्हटलं होतं. मात्र शोभेचं दहाचं फूल खायचं नाही. आणि मूतखड्याचा त्रास असेल त्यांनी घोळही बेतानेच खावा, त्यात ऑक्झलेट बरंच असतं.

आता या दोन बहिणींचं नशीब बघा. एक डब्यात बसून पैशाला विकली जाते. दुसरी शेतात फुकट उगवायची, निंदायला गेलेल्या बाया पदरात घेऊन यायच्या, बाजारात ढीग लावून बसायच्या. सोयाबीन आलं, त्यावर तणनाशकाची फवारणी आली आणि घोळ तण ठरून मेला. निंदणीची मजुरी गेली आणि पदरातली भाजीही गेली. जे फुकट मिळत होतं, ते आपण औषध विकत घेऊन मारलं. फांदीचंही तेच चाललं आहे. मागून मिळत होती ती आपण विकत आणून मारतो आहोत.

कुणी म्हणेल, लावायचंच तर कडुनिंब लावा, चिंच लावा, या फुलांनी कुणाचं पोट भरतं? कडुनिंब जरूर लावा, पण तो लावायला जमीन लागते. दोन खोल्यांत भाड्याने राहणारं, वर पत्रा आणि समोर नाली असलेलं घर झाड कुठे लावेल? तिथे डबाच शक्य आहे. जिचा दिवस चूल, शिलाई मशीन आणि पोरांत जातो, ती बाई दहा वाजता दार उघडून त्या डब्याकडे बघते. दिवसभरात तिच्या स्वतःच्या मालकीचं तेवढंच काही असतं. त्याला नाद म्हणून हिणवू नये. पोटापलीकडचं काही हवं असणं ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही. दुपारी त्या फुलांवर बारीक मधमाश्या येतात. पाखरं-जनावरं ज्यातून खातात ते लावलेलं रोप लावणाऱ्याच्या नावे सदका होतं, असं आपल्याला शिकवलं आहे. मग मधमाशीचा हिशेब का सोडायचा?

राहिला पाण्याचा मुद्दा. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात बागेची भाषा जपूनच करावी. पण या झाडाला वुजूचं सांडपाणी, तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं, तेही रोज नको. उलट जास्त पाण्यानेच ते मरतं. आपल्या मुलखाला शोभेल असं याहून दुसरं फूल मला दिसत नाही.

मग अडतं कुठे? अडतं मागण्यावर. मागितलं तर लोक काय म्हणतील, एवढेसे पैसे नाहीत का म्हणतील. आणि दुसरं कारण आपण उघड बोलत नाही. गेल्या काही वर्षांत वस्त्या वेगळ्या झाल्या. आमची कॉलनी इकडे, त्यांचं नगर तिकडे. भिंतीपलीकडे मागायला भिंत तरी सामाईक हवी. दुकानातलं रोप घेताना कुणाशी बोलावं लागत नाही, ही त्याची सोय आहे आणि तोच त्याचा तोटाही आहे. एका फांदीने गावातला दुरावा मिटेल असा दावा मी करणार नाही. पण माणसं एकमेकांच्या दारात जायची ती अशाच किरकोळ कारणांनी. साखर संपली, विरजण हवंय, फांदी द्या. ही किरकोळ कारणं संपली की दारात जायला लग्न किंवा मयत उरते, आणि पुढे तेही उरत नाही.

मृग लागला की फांद्या लावायचे दिवस सुरू होतात. यंदा रोप विकत घेऊ नका. ज्या दारात अजून कधी गेला नाहीत, तिथला रंग हेरून ठेवा आणि जाऊन मागा. आणि तुमच्या दारात कुणी मागायला आलं, तर एक नव्हे, दोन फांद्या द्या. झाडाचं काही कमी होत नाही. खुडल्याने ते वाढतंच.