पहाऱ्याला चालतो, सोबतीला का नाही?



तुरुंगात कुणी गळफास घेतला की चौकशी लागते आणि उत्तर ठरलेले असते : मनुष्यबळ नाही. 2022 या एका वर्षात देशातल्या तुरुंगांत 159 अनैसर्गिक मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या 119 आत्महत्या. ही रड तुम्हाला ठाऊक आहे, पुन्हा गात बसत नाही.

आमचा राग त्या 'मनुष्यबळ नाही'वर आहे. माणसे आहेत! त्याच बराकीत आहेत. एकेकाळी ज्यांना भास झाले, ज्यांनी गोळ्या जिभेखाली लपवल्या आणि जे पुढे सावरले, असे कैदी आत आहेत, सुटून बाहेरही आहेत. त्यांना शिकवा, मोबदला द्या, आजारी कैद्याच्या सोबतीला बसवा, असे म्हटले की शहाणे लोक हसतात : "वेड्याच्या हाती वेडा द्यायचा?"

बरे, कायदा पाहू. 1894 चा तुरुंग कायदा कैद्यालाच कैद्यांवर अंमलदार नेमू देतो, वर त्याला लोकसेवकही मानतो. खुनाची शिक्षा भोगणारा पहाऱ्याला लायक. रात्री दोन वाजता भिंतीवर डोके आपटणाऱ्याजवळ बसायला मात्र नालायक. म्हणजे धाक घालायचा असेल तर कैद्यावर विश्वास, धीर द्यायचा म्हटला की संशय!

पुढचा आक्षेप : तो गोळ्या विकेल, गुपिते फोडेल. गोळ्या त्याच्या हाती द्या असे म्हटलेय कुणी? त्याने डॉक्टरची जागा घ्यायची नाही. बाजूचा माणूस तीन दिवस जेवला नाही, तारखेला नेले तेव्हा त्याला काही उमगले नाही, एवढे वेळेवर सांगायचे आणि त्याचे ऐकून घ्यायचे. निवड करा, प्रशिक्षण द्या, देखरेख ठेवा. ब्रिटनमध्ये स्वान्सीच्या तुरुंगात 1991 साली कैद्यांनाच कैद्यांचे ऐकायला शिकवले. ती पद्धत पुढे तिथल्या बहुतेक तुरुंगांत गेली. तिथले तुरुंग काही कोसळले नाहीत.

आणि तज्ज्ञांच्या भरवशाचे म्हणाल, तर आसामचे माचांग लालुंग आठवा. 1951 ला अटक, मग मनोरुग्णालय. 1967 ला डॉक्टरांनी ते बरे झाल्याचे कळवले. सुटका 2005 ला, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. मधली 38 वर्षे "याची तारीख कधी?" असे विचारणारा सोबती त्यांना कुणी दिला नाही.

2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दर तिमाहीला दाखला मागतो : इथे मनोरुग्ण कैदी नाही. कागदावर रुग्णच नसेल तर सोबती कुणाला नेमणार?

आपल्या आमदारांना गाठा आणि एवढेच विचारा : आपल्या जिल्ह्याच्या तुरुंगात आजारातून उठलेला एक तरी सोबती पगारावर आहे का? उत्तर लेखी मागा.